सांगली-साताऱ्यातून डिझाइनमध्ये पीएच.डी. : प्रश्नापासून व्हायवापर्यंत

डिझाइनमधल्या पीएच.डी.चा विषय घरी निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "म्हणजे नेमकं काय बनवणार?" उमेदवारही सवयीने एखाद्या वस्तूचं नाव घेतो. पूरग्रस्तांसाठी ॲप, ऊसतोड मजुरांसाठी नवा कोयता, कंदी पेढ्यांचं पॅकेजिंग. मुलाखतीत पॅनेलसमोरही तो हेच सांगतो आणि तिथेच गाडी अडते. एम.डेस.मध्ये, म्हणजे डिझाइनच्या पदव्युत्तर पदवीत, वस्तू उत्तम झाली की काम फत्ते. पीएच.डी.त वस्तू फार तर पुरावा असते. पदवी मिळते ती आधी कुणी न मांडलेली आणि दुसऱ्याला तपासून पाहता येईल अशी गोष्ट मांडल्याबद्दल. म्हणून फी, परीक्षा आणि अर्ज यांच्या आधी प्रश्नाबद्दल बोलू.

वस्तूवरून प्रश्नाकडे

'पूरग्रस्तांसाठी ॲप' हेच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. पावसाचा जोर वाढला की सांगलीत तीन आकडे फिरू लागतात : आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी फुटांत, कोयना धरणातून सोडलेला विसर्ग क्युसेकमध्ये आणि धरणातला साठा टीएमसीत. आयर्विनला ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या पुढे गेलं होतं. सूर्यवंशी प्लॉट किंवा दत्तनगरसारख्या सखल वस्तीतल्या माणसाला यातून एवढंच हवं असतं की माझ्या दारात पाणी कधी येणार आणि फ्रिज माळ्यावर कधी चढवायचा.

आता ॲप बाजूला ठेवा आणि विचारा : तीन वेगवेगळ्या एककांतले आकडे ऐकून माणूस घर सोडण्याचा निर्णय कसा घेतो? हा प्रश्न चांगला आहे, पण अजून फार मोठा. आणखी आवळा : तेच आकडे ओळखीच्या खुणांच्या भाषेत सांगितले, म्हणजे अमुक चौक, तमुक मंदिराची पायरी, तर निर्णय लवकर होतो का, आणि तो बरोबर असतो का? इथे तुमच्या हातात संशोधनाचा प्रश्न आला.

प्रश्न पक्का झाला की नाही हे तपासायला तीन कसोट्या पुरतात. पहिली, उत्तर 'नाही' येऊ शकतं का? 'चांगलं माहितीपत्रक उपयोगी पडतं का' याचं उत्तर 'हो'च येणार, म्हणून तो प्रश्न बाद. दुसरी, सांगलीच्या बाहेरच्या माणसाला या उत्तराशी काही घेणं-देणं आहे का? ओळखीच्या खुणा विरुद्ध मोजमापाचे आकडे ही अडचण नदीकाठच्या कुठल्याही शहराची आहे, म्हणून चालेल. तिसरी, तुमच्या ओळखीपाळखीत, तुमच्या पैशांत, दोन वर्षांत ही माहिती गोळा होईल का? या शेवटच्या कसोटीवर महत्त्वाकांक्षी प्रस्ताव सर्वांत जास्त गळतात.

संशोधनाचा प्रकार कोणता हेही इथेच ठरवून टाका. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधल्या क्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी १९९३ मध्ये केलेली तीन प्रकारांची विभागणी अजून सगळीकडे वापरली जाते : डिझाइनविषयी संशोधन, डिझाइन करता करता संशोधन आणि डिझाइनसाठी संशोधन. मिरजेची तंतुवाद्यं घ्या. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गेल्या शंभर वर्षांत तंबोऱ्याचा आकार कसा बदलत गेला हे शोधणं पहिल्या प्रकारात येतं. जवारी लावताना (तारेचा गुंजणारा सूर जुळवताना) कारागिराचा कान आणि हात काय करतात हे समजून घेण्यासाठी स्वतः वेगवेगळ्या घोड्या (तारा ज्यांवर टेकतात त्या पट्ट्या) घासून पाहणं आणि त्या प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवणं हा दुसरा प्रकार. भोपळ्याला पर्याय म्हणून दुसरं साहित्य तपासणं हा तिसरा. दुसरा प्रकार डिझायनरला सर्वांत मोहात पाडतो आणि परीक्षकांसमोर सर्वांत जास्त अडचणीत आणतो, कारण नोंदी नसतील तर संशोधन आणि कारागिरी यांत फरकच दाखवता येत नाही.

पात्रता

केंद्रीय आणि राज्य विद्यापीठं, अभिमत आणि खासगी विद्यापीठं यांना विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) २०२२ चे पीएच.डी. नियम लागू आहेत. त्यांनुसार दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, किंवा चार वर्षांच्या पदवीनंतरची एक वर्षाची पदव्युत्तर पदवी, किमान ५५ टक्क्यांनी हवी. चार वर्षांच्या पदवीवरून थेट जायचं असेल तर ७५ टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस उमेदवारांना ५ टक्क्यांची सवलत मिळते. एम.फिल. आता बंद झालं आहे, त्यामुळे जुन्या लेखांतला 'आधी एम.फिल., मग पीएच.डी.' हा सल्ला विसरा.

आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि अहमदाबादचं एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था) यांचे नियम त्यांचे स्वतःचे असतात. तिथे मागचं शिक्षण डिझाइनचंच असावं असा आग्रह सहसा नसतो. आर्किटेक्चर, यंत्र अभियांत्रिकी, संगणक, मानसशास्त्र, समाजशास्त्र, कला अशा सगळ्या वाटांनी लोक येतात. कऱ्हाडच्या शासकीय अभियांत्रिकीतून किंवा सांगलीच्या वालचंदमधून निघालेल्या यंत्र अभियंत्याला बंगळूरचा विभाग कदाचित जास्त मानवेल. दृश्यकलेतून आलेल्याला मुंबई किंवा अहमदाबाद.

जी.डी. आर्ट झालेल्यांची गोष्ट वेगळी. ती पदविका आहे, पदवी नव्हे, आणि ती पीएच.डी.ला थेट पुरत नाही. त्यांनी सीड या एम.डेस.च्या प्रवेशपरीक्षेच्या वाटेने एम.डेस. करावं. जी.डी. आर्ट (दहावीनंतर पाच वर्षं) आणि त्यावर एक वर्षाचा व्यावसायिक अनुभव असलेल्यांना सीडला बसता येतं. वयाची अट नाही, कितीही वेळा बसता येतं. परीक्षा जानेवारीत असते आणि स्कोअर एकच वर्ष चालतो. म्हणून ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्याच वर्षी परीक्षा द्या.

कुठे करायची

मुंबईच्या आयआयटीतलं आयडीसी हे डिझाइन विद्यालय (स्थापना १९६९), गुवाहाटी, दिल्ली, कानपूर आणि हैदराबाद इथल्या आयआयटींतले डिझाइन विभाग, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतला डिझाइन आणि उत्पादन हा विभाग, जबलपूरचं ट्रिपल-आयटीडीएम, अहमदाबादचं एनआयडी आणि वस्त्र-पोशाखाच्या विषयांसाठी निफ्ट ही प्रमुख ठिकाणं. पुण्यात खासगी विद्यापीठांचे पर्याय आहेत. घराजवळ राहायचंच असेल तर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात शेजारच्या विषयात नोंदणी करून डिझाइनचा प्रश्न हाताळता येतो. विद्यापीठाचं कार्यक्षेत्रच कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे आहे.

शेजारचा विषय निवडताना एक धोंडा आधीच पाहून घ्या. पदवीवर जो विषय छापला जाईल त्यावर पुढची नोकरी ठरते. डिझाइन महाविद्यालयांच्या सहायक प्राध्यापकपदाच्या चार-पाच जाहिराती काढा, त्यांत 'संबंधित विषय' म्हणून काय लिहिलंय ते वाचा आणि मगच नोंदणी करा. चार वर्षांनी हे लक्षात आलं तर काहीही करता येत नाही.

गाइड

संस्थेपेक्षा गाइड महत्त्वाचा, हे सगळेच सांगतात. कागदावर काय तपासायचं ते मात्र कुणी सांगत नाही. यूजीसीच्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी जास्तीत जास्त ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या शिक्षकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. अर्धवेळ शिकवायला येणारे नामांकित डिझायनर मुख्य गाइड होऊ शकत नाहीत, फार तर सहमार्गदर्शक. म्हणून सर कितीही आवडते असले तरी आधी दोन गोष्टी बघा : जागा आहे का आणि सर अजून किती वर्षं सेवेत आहेत.

त्यानंतर शोधगंगेवर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, जा आणि त्या गाइडकडे पूर्ण झालेले दोन प्रबंध उघडा. पूर्ण वाचायची गरज नाही. नोंदणीचं आणि सादरीकरणाचं वर्ष पाहा, पद्धतीचं प्रकरण वाचा, शेवटची संदर्भसूची चाळा. एक विद्यार्थी चार वर्षांत आणि दुसरा आठ वर्षांत सुटला असेल तर दोघांनाही फोन करून विचारा. आजी-माजी विद्यार्थी सहसा मोकळेपणाने बोलतात, तेही संध्याकाळी सातनंतर.

गाइडला पहिला ईमेल दोनशे शब्दांहून मोठा नको. तुमचा प्रश्न दोन वाक्यांत, तो त्यांच्या कुठल्या कामाशी जुळतो ते एका वाक्यात, तुमची पार्श्वभूमी दोन वाक्यांत आणि शेवटी एकच विचारणा : येत्या सत्रात विद्यार्थी घेणार आहात का? बायोडेटा आणि पोर्टफोलिओची पीडीएफ मिळून १० एमबीच्या आत ठेवा. 'आदरणीय महोदय, मला लहानपणापासून डिझाइनची आवड आहे' या सुरुवातीची पत्रं कुणी पुढे वाचत नाही. उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी एकदाच आठवण करा.

पैशांचं गणित

आयआयटीत पूर्णवेळ आणि अध्यापन-साहाय्यासह प्रवेश मिळाला तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि त्यापुढे ४२,००० रुपये फेलोशिप मिळते. यूजीसीची जेआरएफ आणि एसआरएफ (कनिष्ठ आणि वरिष्ठ संशोधन फेलोशिप) हीसुद्धा याच आकड्यांची आहे. ही फेलोशिप ज्या परीक्षेतून मिळते त्या नेटमध्ये 'डिझाइन' असा स्वतंत्र विषय नाही. उपयोजित कला 'दृश्यकला' या विषयात येते. जून २०२४ पासून नेटच्या गुणांवर पीएच.डी.ला प्रवेशही मिळतो : ७० टक्के भार नेटला, ३० टक्के मुलाखतीला. प्रवेशापुरता तो निकाल एक वर्ष चालतो.

राज्याच्या फेलोशिपकडे आपल्याकडचे विद्यार्थी उशिरा वळतात. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा आणि कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी टीआरटीआय. जाहिरात दरवर्षी त्याच तारखेला येईल याची खात्री नसते आणि अर्जाला पीएच.डी.च्या नोंदणीचं पत्र जोडावं लागतं. त्यामुळे प्रवेश मिळाल्या दिवसापासून नोंदणीपत्र, जात प्रमाणपत्र, जात वैधता, लागू असेल तिथे नॉन-क्रीमीलेअर आणि अधिवास दाखला यांची एक फाइल तयार ठेवा. वैधता प्रमाणपत्राला सर्वांत जास्त वेळ लागतो. ते प्रवेशाच्या आधीच मार्गी लावा.

नोकरी सांभाळून करायची असेल तर अर्धवेळ पीएच.डी.ला परवानगी आहे, पण नियोक्त्याचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. 'आमची हरकत नाही' एवढ्या एका ओळीने भागत नाही. अर्धवेळ संशोधनाची परवानगी आहे, कामाच्या स्वरूपामुळे संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कामातून मोकळं केलं जाईल, या तिन्ही गोष्टी त्यात हव्यात. संस्थेचे लिपिक जुन्या नमुन्यावर सही घेऊन देतात आणि अर्ज परत येतो. दूरशिक्षणाने पीएच.डी. करता येत नाही. अशा जाहिरातींना भुलू नका.

प्रस्ताव कसा लिहायचा

जास्तीत जास्त दोन हजार शब्द. त्यांतले साधारण तीनशे समस्येवर, सहाशे आधीच्या संशोधनावर, दोनशे प्रश्नावर आणि मर्यादांवर, सहाशे पद्धतीवर आणि उरलेले वेळापत्रकावर. बहुतेक प्रस्तावांत हे प्रमाण उलटं असतं : पुराच्या भीषणतेवर चार पानं आणि पद्धतीवर 'प्रश्नावली व मुलाखती घेण्यात येतील' अशी एक ओळ. पॅनेल पद्धतीचं पान आधी उघडतं.

पद्धतीत आकडे लिहा. 'पूर येणाऱ्या दोन वस्त्यांतली २० कुटुंबं, प्रत्येकी एक तासाची मुलाखत. त्यांतल्या सहा घरांत वस्तू हलवण्याचा क्रम दाखवून घेणार. त्यानंतर दोन प्रकारची माहितीपत्रकं ३६ वेगळ्या कुटुंबांसोबत तपासणार' असं लिहिलेला प्रस्ताव चुकीचा असू शकतो, पण त्यावर बोलता येतं. आधीच्या संशोधनासाठी पंचवीस-तीस लेख पुरेत, मात्र ते वाचलेले हवेत. मुलाखतीत त्यांतलाच एक निवडून 'याच्याशी तुमचं कुठे पटत नाही?' असं विचारतात. संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवा. ते फुकट आहे आणि तिसऱ्या वर्षी तुम्ही स्वतःचेच आभार मानाल.

जुन्या नोंदी शोधताना इथल्या माणसाला हमखास ठेच लागते ती जिल्ह्याच्या नावावर. १९४९ मध्ये बनलेल्या जिल्ह्याचं नाव 'दक्षिण सातारा' होतं, 'सांगली' हे नाव १९६० चं. त्याआधीचा वाळवा, तासगाव, खानापूर हा मुलूख सातारा जिल्ह्यात होता, तर सांगली, मिरज, जत आणि औंध ही संस्थानं होती. त्यामुळे १८८५ च्या सातारा गॅझेटिअरमध्ये आजच्या सांगली जिल्ह्यातल्या गावांची माहिती सापडते, आणि संस्थानांची कागदपत्रं भलत्याच दप्तरात निघतात. यंत्रांच्या आणि अवजारांच्या डिझाइनचा इतिहास शोधणाऱ्याने किर्लोस्करवाडीकडे वळावं. १९१० मध्ये वसलेल्या त्या गावात लोखंडी नांगर तयार होऊन शेतावर गेले, आणि जुन्या 'किर्लोस्कर' मासिकांतल्या जाहिराती हेसुद्धा डिझाइनचे दस्तऐवजच आहेत. औंधच्या भवानी संग्रहालयात चित्रं आणि हस्तकला आहेत. मराठी परिभाषा हवी असेल तर विश्वकोशाचं वाईचं कार्यालय.

परीक्षा, पोर्टफोलिओ, मुलाखत

आयआयटीसारख्या ठिकाणी वर्षातून दोनदा प्रवेश होतात. उन्हाळ्यात अर्ज भरून जुलैचं सत्र आणि दिवाळीच्या आसपास अर्ज भरून जानेवारीचं. लेखी चाचणीत चित्रकलेपेक्षा युक्तिवाद तपासतात : एक उतारा देतात, त्यातलं गृहीतक शोधा, एखादा अभ्यास कसा आखाल ते लिहा.

पोर्टफोलिओ नोकरीसाठी केलेला असेल तर तो तसाच नेऊ नका. चकचकीत अंतिम छायाचित्रं कमी करा. चार प्रकल्प पुरेत, प्रत्येकात काय गृहीत धरलं होतं, काय फसलं आणि ते कसं कळलं याचं एक पान घाला. फसलेल्या प्रकल्पावर पॅनेल सर्वांत जास्त वेळ थांबतं. मुलाखत इंग्रजीत असते, पण अडलात तर हिंदीत वाक्य पूर्ण केल्याने कुणी गुण कापत नाही. अडखळत, पाठ केलेली इंग्रजी मात्र लगेच उघडी पडते.

पहिलं वर्ष

यूजीसीच्या चौकटीत कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं असतं. त्यात संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्तेचा अभ्यासक्रम सक्तीचा आहे आणि ५५ टक्के मिळवावे लागतात. दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीसमोर प्रगती मांडायची. किमान मुदत तीन वर्षं आणि कमाल सहा, पुनर्नोंदणीने आणखी दोन. महिला आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंतची रजा मिळते.

सहामाही बैठकीचं इतिवृत्त स्वतः लिहून गाइडकडून मंजूर करून घ्या. समितीतले सदस्य बदलतात आणि नवा सदस्य जुना निर्णय उकरून काढतो. त्या वेळी हा कागदच कामाला येतो.

फील्डवर्क : इथे वर्षं जातात

विद्यापीठाचं वेळापत्रक आणि विषयाचा हंगाम यांची गाठ घालणं हे डिझाइन संशोधकाचं अर्धं काम आहे. तासगाव-पलूस भागातले बेदाण्याचे शेड फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये भरलेले असतात. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी डिसेंबरपासून. हळद काढणं, शिजवणं, पॉलिश करणं जानेवारीपासून मार्चपर्यंत. ऊसतोड दिवाळीनंतर. कासवर फुलं आणि गर्दी सप्टेंबरात. तुमचं कोर्सवर्क मे महिन्यात संपत असेल आणि विषय बेदाणा शेडमधल्या जाळ्यांवरचं बाईमाणसांचं काम असा असेल, तर पहिला खरा दिवस पुढच्या फेब्रुवारीत उजाडतो. म्हणून कोर्सवर्क चालू असतानाच परवानगी काढून पहिल्या हंगामात नुसत्या निरीक्षणाला जा. मोजमाप दुसऱ्या हंगामात.

पूर तर बोलावूनही येत नाही, आणि आलाच तर त्या वेळी मुलाखती घेत फिरणं माणुसकीला धरून नाही. त्यामुळे तिथे २००५, २०१९ आणि २०२१ च्या आठवणींवर काम करावं लागतं. आठवणी एकमेकींत मिसळतात. यावर उपाय म्हणजे सरळ विचारण्याऐवजी घराचा नकाशा काढून घ्यायचा आणि भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेपाशी उभं राहून बोलायचं. कपाट कधी हलवलं, त्या वेळी वीज होती का, गाडी कुठे लावली होती? वस्तूंवरून दिवस आणि वेळ पुष्कळ नेमकेपणाने आठवते.

पूरग्रस्त भागात वही घेऊन आलेला माणूस म्हणजे पंचनाम्याला आलेला, असा समज होतो. मग नुकसान वाढवून सांगितलं जातं, कधी शेजारी गोळा होतात. दारातच स्पष्ट सांगा : "काकू, मी सरकारकडून आलो नाही, मदतीच्या यादीशी याचा संबंध नाही." संमतीपत्र मराठीत हवं, एका पानाचं, चौदा पॉइंट अक्षरात. नाव छापणार नाही, फोटोत चेहरा घ्यायचा की नाही ते वेगळं विचारणार, मधेच थांबता येईल, या गोष्टी त्यात हव्यात. इंग्रजी नमुन्याचं शब्दशः भाषांतर केलेलं संमतीपत्र कोर्टाच्या नोटिशीसारखं वाटतं आणि माणसं सही करायला घाबरतात. हे पत्र संस्थेच्या नीतिमत्ता समितीने आधी मंजूर केलेलं असावं. मागाहून मिळालेल्या मंजुरीवर नियतकालिकं लेख घेत नाहीत.

कारागिरांच्या वेळेचा मोबदला द्या. मिरजेत एखाद्या कारागिराला तुम्ही दिवसभर बोलतं ठेवलं तर त्याचं त्या दिवसाचं काम बुडतं. रोजाइतकी रक्कम प्रस्तावाच्या खर्चात धरा आणि पावती ठेवा. शब्द मात्र त्यांचेच ठेवा. खुंटी, घोडी, तबली, मणी, जवारी यांची इंग्रजी रूपं करून विश्लेषण केलं तर फरक पुसले जातात. एक शब्दसूची पहिल्या मुलाखतीपासून वाढवत न्या : शब्द, कुणी वापरला, कशासाठी.

एका तासाचं ध्वनिमुद्रण लिहून काढायला पाच तास धरा. वीस मुलाखतींचे शंभर तास. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. डीटीपीवाल्याकडून श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये करून घेतलेली फाइल शोधताही येत नाही आणि विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये निव्वळ कचरा दिसते. सगळं तीन ठिकाणी ठेवा, त्यांतलं एक घराबाहेर. सांगलीत तळमजल्यावर राहत असाल तर हे जास्तच खरं.

नमुना आणि चाचणी

आता कुठे वस्तू बनवायची. पुराच्या उदाहरणात दोन पत्रकं पुरतात : एकावर नेहमीसारखे फूट, क्युसेक, टीएमसी आणि दुसऱ्यावर तीच माहिती ओळखीच्या खुणांत. सहा-सहा तासांनी एक अशी आठ पत्रकं क्रमाने द्यायची आणि कुटुंब कितव्या पत्रकावर 'आता निघू' म्हणतं ते नोंदवायचं.

यात फसण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. २०१९ चे खरे आकडे जसेच्या तसे वापरले तर लोक तो पूर ओळखतात आणि पत्रक न वाचता आठवणीतून उत्तर देतात. त्यामुळे आकड्यांची चढण बदला. एकाच कुटुंबाला दोन्ही पत्रकं दिली तर दुसऱ्या वेळी पहिल्याचा परिणाम उरतो, म्हणून वेगळी कुटुंबं घ्या. एका गटात तळमजल्यावरचे भाडेकरू आणि दुसऱ्यात दुमजली घरांचे मालक आले तर फरक पत्रकाचा की जिन्याचा हे कळणार नाही. म्हणून दोन्ही गटांत मजला आणि मालकी यांचं प्रमाण सारखं ठेवा.

आणि "आवडलं का?" हा प्रश्न विचारूच नका. आपल्याकडे चहा देऊन बसवलेल्या पाहुण्याला कुणी 'बेकार आहे' म्हणत नाही. 'भारी केलंय की' हे उत्तर शंभरातल्या नव्वदांकडून येईल आणि त्याचा उपयोग शून्य. काम द्या, वेळ मोजा, चूक मोजा, कुठे बोट थांबलं ते पाहा.

लेखन, नोंदणी, सादरीकरण

नमुन्यात पेटंट किंवा डिझाइन-नोंदणीजोगं काही असेल तर अर्ज आधी, शोधनिबंध नंतर. प्रकाशित झाल्यावर नावीन्य संपतं. डिझाइन कायदा, २००० खाली संरक्षण दहा वर्षांचं आणि पुढे पाच वर्षांनी वाढवता येणारं आहे. पारंपरिक कारागिरांकडून शिकलेला आकार स्वतःच्या नावे नोंदवायला मात्र जाऊ नका. कायद्यानेही तो नवा ठरत नाही आणि गावात परत तोंड दाखवायची सोय राहत नाही.

२०२२ च्या नियमांनी शोधनिबंधाची देशव्यापी सक्ती काढली, पण अनेक संस्थांनी स्वतःची अट ठेवली आहे. पहिला निबंध परिषदेसाठी लिहा. भारतीय विज्ञान संस्थेतून सुरू झालेली, दर दोन वर्षांनी भरणारी आयकॉर्ड परिषद नवख्याला चांगली.

साम्य तपासणीत (प्रबंधाचा मजकूर दुसऱ्यांच्या लेखनाशी किती जुळतो ते पाहण्यात) १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० टक्क्यांत सुधारून द्यायला सहा महिने, ४० ते ६० मध्ये वर्षभर सादर करता येत नाही, त्यापुढे नोंदणीच रद्द. डिझाइनच्या प्रबंधात हा आकडा वाढतो तो बहुधा पद्धतीच्या प्रकरणात, कारण पद्धतींची वर्णनं सगळे एकाच ठिकाणाहून उचलतात. पद्धत काय असते ते लिहू नका. तुम्ही सूर्यवंशी प्लॉटमध्ये काय केलं ते लिहा, साम्य आपोआप उतरतं.

चित्रांसाठी वेगळा वेळ ठेवा. दोनशे छायाचित्रांचे संदर्भ-क्रमांक, मथळे आणि संमतीच्या नोंदी जुळवायला महिना जातो. छपाईत करड्या छटा बुडतात. म्हणून नकाशे एकदा साध्या झेरॉक्सवर काढून पाहा, तिथे वाचता आले तर सगळीकडे वाचता येतील. सादरीकरणाआधी समितीसमोर पूर्व-सादरीकरण होतं. मग प्रबंध किमान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो आणि अहवाल अनुकूल आले की खुला व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा.

व्हायवात परीक्षक पत्रकाच्या रंगसंगतीवर दोन मिनिटं बोलेल आणि मग विचारेल : तुमचं म्हणणं चुकीचं असतं तर ते तुम्हाला कशावरून कळलं असतं? त्याचं उत्तर पद्धतीच्या प्रकरणात, पान क्रमांकासह दाखवता येतंय ना, हे बांधणीला देण्याआधी पाहून घ्या.